‘नॉलेज’ला कधी ‘अ’, कधी ‘द’, कधी काहीच नाही: भाववाचक नामांचे करायचे काय?

वेलांटी:

एका स्वयंसेवी संस्थेच्या वार्षिक अहवालाचे मराठीतून इंग्रजी भाषांतर चालू आहे. तपासून आलेल्या मसुद्यात इतर चुका दोन-चारच आहेत, पण भाववाचक नाम आले की तिथे हमखास लाल रेघ. इंग्रजी वाक्ये इथे देवनागरीतच लिहिते. ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ ही तीन उपपदे समजा, उच्चारावरून वाद नको.

१. शिक्षणाचे महत्त्व पटले. मी ‘इम्पॉर्टन्स ऑफ एज्युकेशन’ लिहिले, आधी ‘द’ घातला गेला.
२. कार्यकर्त्यांना कायद्याचे चांगले ज्ञान आहे. पहिल्यावरून शहाणी होऊन ‘द गुड नॉलेज ऑफ लॉ’ लिहिले. दुरुस्ती: ‘अ गुड नॉलेज ऑफ द लॉ’.
३. गटाने चांगली प्रगती केली. दुसऱ्यावरून ‘अ गुड प्रोग्रेस’ लिहिले. ‘अ’ उडवला.
४. तज्ज्ञांचे सल्ले. ‘एक्स्पर्ट ॲडव्हायसेस’चे ‘एक्स्पर्ट ॲडव्हाइस’ झाले.
५. महिलांचे जीवन बदलले. ‘द लाइफ ऑफ विमेन’ऐवजी ‘विमेन्स लाइव्ह्ज’.
६. महिलांनी आपले अनुभव सांगितले. ‘एक्स्पिरिअन्स’चे ‘एक्स्पिरिअन्सेस’ केले. दोनच ओळी खाली ‘टेन यर्स ऑफ एक्स्पिरिअन्स’ मात्र तसेच ठेवले आहे.

‘पुढे ऑफ आला की आधी द’ हा शाळेतला नियम पहिल्या वाक्यात बसतो आणि दुसऱ्यात फसतो. दुसऱ्यात ‘गुड’मुळे ‘अ’ आला म्हणावे, तर तिसऱ्यातही ‘गुड’ आहेच. याद्या पाठ करण्याखेरीज काही युक्ती आहे का?

टाचणी:

सोपे आहे की. नाम एकटे असेल तर काही नको. मागे विशेषण असेल तर ‘अ’, पुढे ‘ऑफ’ असेल तर ‘द’. भाववाचक नामाचे अनेकवचन होत नाही. प्रोग्रेस, ॲडव्हाइस हे अपवाद, ते पाठ करायचे.

पूर्णविराम:

टाचणी, यातल्या ‘ऑफ’च्या आणि विशेषणाच्या नियमांना आपल्या संविधानातच सुरुंग लागतो. उद्देशिकेचा इंग्रजी मजकूर पाहा: ‘लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप’. पुढे ‘ऑफ’ आहे, आधी ‘द’ नाही. ‘इक्वॅलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी’, इथेही नाही. आणि लगेच पुढच्या ओळीत ‘द डिग्निटी ऑफ द इंडिव्हिज्युअल अँड द युनिटी अँड इंटेग्रिटी ऑफ द नेशन’. एकाच वाक्यात दोन्ही प्रकार आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

फरक ‘ऑफ’च्या पलीकडच्या शब्दाचे या नामाशी नाते काय, यात आहे. मराठीत ‘चा, ची, चे’ सगळीकडे एकसारखेच दिसतात, म्हणून हे नाते झाकले जाते. ते उघडे करायला मराठी वाक्य मोडून पाहायचे.

‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ म्हणजे व्यक्तीला प्रतिष्ठा आहे. ‘शिक्षणाचे महत्त्व’ म्हणजे शिक्षणाला महत्त्व आहे. ‘कोकणचे सौंदर्य’ म्हणजे कोकणाला सौंदर्य आहे. ‘ऑफ’नंतरचा शब्द इथे त्या गुणाचा मालक आहे. मालक ठरला की गुणही ठरला, कोणता म्हणून विचारायला जागा राहिली नाही, म्हणून ‘द’. ‘द इम्पॉर्टन्स ऑफ एज्युकेशन’, ‘द ब्यूटी ऑफ कोकण’.

आता ‘कायद्याचे ज्ञान’. कायद्याला ज्ञान आहे? अजिबात नाही. कायद्याबद्दलचे ज्ञान, ते असते कार्यकर्त्याला. ‘मृत्यूची भीती’ म्हणजे मृत्यूबद्दलची, मृत्यूला कसली भीती? ‘दर्जाची समानता’ म्हणजे दर्जाच्या बाबतीत समानता. जिथे ‘चा’च्या जागी ‘बद्दलचा’ किंवा ‘च्या बाबतीतला’ बसतो, तिथे ‘द’ आपोआप येत नाही: ‘फिअर ऑफ डेथ’, ‘नॉलेज ऑफ मराठी’, ‘इक्वॅलिटी ऑफ स्टेटस’. एकच शब्द दोन्हीकडे जातो तेव्हा हे स्वच्छ दिसते. ‘द लव्ह ऑफ अ मदर’ म्हणजे आईचे प्रेम, आई मालक. ‘लव्ह ऑफ कंट्री’ म्हणजे देशाबद्दलचे प्रेम.

तिसरे नाते क्रियेचे. ‘मुलींचे शिक्षण’ म्हणजे मुलींना शिकवणे, ‘बालविवाहाचे निर्मूलन’ म्हणजे ते नाहीसे करणे. ‘चा’ काढून ‘-णे’चे क्रियापद सरळ बसले की ‘द’ लावा: ‘द एज्युकेशन ऑफ गर्ल्स’, ‘द इरॅडिकेशन ऑफ चाइल्ड मॅरेज’. अमेरिकेच्या १७७६च्या जाहीरनाम्यात तीन हक्क एका दमात येतात, ‘लाइफ, लिबर्टी अँड द पर्स्यूट ऑफ हॅपिनेस’. पहिले दोन उघडे, तिसऱ्यालाच ‘द’. कारण ‘पर्स्यूट’ ही क्रिया आहे आणि ती कशाची, हे पुढे सांगितले आहे. शेवटच्या ‘हॅपिनेस’ला मात्र पुन्हा काही नाही. (ज्ञान, भीती, प्रेम या मनाच्या अवस्था. त्यांना ‘-णे’ लावून क्रियेत ढकलू नका.)

तुमच्या दुसऱ्या वाक्यातल्या ‘द लॉ’चा ‘द’ वेगळ्या कारणाने आला आहे. ‘द लॉ’ म्हणजे देशातली अख्खी कायद्याची व्यवस्था. नुसते ‘लॉ’ म्हणजे अभ्यासाचा विषय, ‘शी इज स्टडिंग लॉ’.

आता ‘अ’. विशेषण ‘अ’ आणते हे खरे नाही. संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये ‘पर्सनल लिबर्टी’ आहे, २१क मध्ये ‘फ्री अँड कम्पल्सरी एज्युकेशन’ आहे. विशेषणे एकाला दोन, ‘अ’ कुठेच नाही, कारण तिथे शिक्षण ही सर्वसाधारण गोष्ट आहे. ‘शी हॅड अ गुड एज्युकेशन’मध्ये मात्र एका व्यक्तीच्या वाट्याला आलेले, सुरुवात आणि शेवट असलेले शिक्षण आहे, म्हणून ‘अ’. तसेच ‘अ गुड नॉलेज’, ‘अ डीप डिस्ट्रस्ट’, ‘अ क्लिअर अंडरस्टँडिंग’. या शब्दांना ‘अ’ लागला तरी अनेकवचन होत नाही, हे विसरू नका. आणि शेपूट लागते: ‘ही हॅज अ नॉलेज’ हे लुळे वाक्य आहे. ‘अ नॉलेज ऑफ लोकल क्रॉप्स’ किंवा ‘अ वर्किंग नॉलेज’ असे काही तरी हवे.

मग ‘प्रोग्रेस’ला का नाही? इथे तर्क संपतो. काही शब्द ‘अ’ अंगाला लावूनच घेत नाहीत, कितीही विशेषणे चढवा: ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, प्रोग्रेस, न्यूज, लक, फन, वेदर, पर्मिशन, रिसर्च, एव्हिडन्स, होमवर्क, आणि भाववाचक नसले तरी याच वळणाचे इक्विपमेंट, फर्निचर, लगेज. टाचणी म्हणतात ती पाठांतराची यादी अशा शब्दांचीच. उद्गारवाचक वाक्यात ती पटकन ओळखू येते: ‘व्हॉट अ लव्हली डे!’ पण ‘व्हॉट लव्हली वेदर!’

या शब्दांत ‘एक’ म्हणायचेच असेल तर ‘अ’ भांड्याला लावायचा: ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘ॲन आयटम ऑफ न्यूज’, ‘अ स्ट्रोक ऑफ लक’. ‘प्रोग्रेस’ला बरे भांडे नाही. तिथे ‘सम प्रोग्रेस’ म्हणा किंवा शब्द बदलून ‘अ स्टेप फॉरवर्ड’ करा.

एक वेगळा ‘अ’ राहिला. ‘द कॅम्प वॉज अ सक्सेस’, ‘शी वॉज अ ग्रेट हेल्प’, ‘इट वॉज अ प्लेझर’. इथे नाम गुणाचे राहिलेच नाही. ते त्या शिबिराचे, त्या बाईंचे, त्या प्रसंगाचे झाले. म्हणून ‘शिबिरे यशस्वी झाली’ याला ‘द कॅम्प्स वेअर अ सक्सेस’ आणि ‘वेअर सक्सेसेस’ दोन्ही चालतात. सगळ्यांचे मिळून एक यश असेल तर पहिले.

काना_मात्रा:

पूर्णविराम यांनी उपपदे निपटली, मी अनेकवचनावर येते.

चौथ्या वाक्यातली चूक सरळ मराठीतून आली आहे. आपल्याकडे सल्ला-सल्ले, पुरावा-पुरावे, संशोधन-संशोधने, काम-कामे अशी मोजणी चालते, म्हणून ॲडव्हायसेस, एव्हिडन्सेस, रिसर्चेस, वर्क्स हातून उतरतात. ‘मला एक काम आहे’चे ‘आय हॅव अ वर्क’ होते ते यामुळेच. तिथे ‘सम वर्क’ हवे. ‘अ वर्क’ म्हणजे कलाकृती किंवा ग्रंथ. ‘इन्फर्मेशन्स’ला मात्र ही सबब नाही. ‘माहित्या’ मराठीतही कोणी म्हणत नाही.

उलट दिशेनेही फसगत आहे. ‘अभिनंदन’ आपल्याकडे एकवचनी, इंग्रजीत ‘काँग्रॅच्युलेशन्स’ कायम अनेकवचनी. ‘आभार मानले’मधले आभार मात्र ‘थँक्स’सारखेच अनेकवचनी. ‘बचत’ हिशेबात आली की ‘सेव्हिंग्ज’, ‘कमाई’ म्हणजे ‘अर्निंग्ज’. बचतगटाच्या अहवालात हे दोन शब्द पानापानावर असणार.

आता सहावे वाक्य. मराठीत ‘अनुभव’, ‘प्रयत्न’ हे पुल्लिंगी शब्द आणि ‘चर्चा’, ‘सूचना’, ‘सेवा’, ‘शंका’ हे आकारान्त तत्सम स्त्रीलिंगी शब्द दोन्ही वचनांत तसेच राहतात. वचन कळते ते क्रियापदावरून किंवा विशेषणावरून. ‘सूचना आली’ की ‘सूचना आल्या’? ‘अनुभव आहे’ की ‘अनुभव सांगितले’? भाषांतर करताना नजर नामावर अडते आणि वाक्याच्या टोकाचे क्रियापद निसटते. तुमच्या वाक्यात ‘आपले अनुभव सांगितले’ आहे, म्हणजे घडलेल्या गोष्टी, एकेक मोजता येणाऱ्या. ते झाले ‘एक्स्पिरिअन्सेस’. ‘दहा वर्षांचा अनुभव’ हा साचत गेलेला, तो ‘एक्स्पिरिअन्स’. क्रियापद आधी पाहिलेत तर निम्मी चूक तिथेच टळते.

अनेकवचनाने अर्थ पार बदलणारे शब्द अहवालात घात करतात:

‘डेव्हलपमेंट’ म्हणजे विकास, ‘डेव्हलपमेंट्स’ म्हणजे घडामोडी. ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान, ‘डॅमेजेस’ म्हणजे कोर्टाने द्यायला लावलेली भरपाई. पुरात ‘हेवी डॅमेजेस’ झाले असे लिहिले तर पुराने दावा जिंकल्यासारखे वाटते. ‘कस्टम’ म्हणजे रूढी, ‘कस्टम्स’ म्हणजे रूढी किंवा सीमाशुल्क. ‘मिनिट्स’ म्हणजे बैठकीचे इतिवृत्त. ‘ग्राउंड्स’ म्हणजे कारणे, आधार. ‘सिक्युरिटी’ सुरक्षा, ‘सिक्युरिटीज’ रोखे. ‘पब्लिक वर्क्स’मधले ‘वर्क्स’ म्हणजे बांधकामे, म्हणून त्या खात्याच्या नावात ‘एस’ बरोबर आहे.

पाचवे वाक्य राहिले. मराठीत ‘महिलांचे जीवन’, ‘दहा जणांचा जीव गेला’, ‘सर्वांनी मत बदलले’ असे एकवचन सहज चालते. इंग्रजीत प्रत्येकाजवळ स्वतंत्र वस्तू असेल तर ती माणसांच्या संख्येइतकी होते: ‘टेन पीपल लॉस्ट देअर लाइव्ह्ज’, ‘दे ऑल चेंज्ड देअर माइंड्ज’. शब्द मुळात मोजता न येणारा असेल तर मात्र माणसे कितीही असोत, तो एकटाच राहतो: ‘दे लॉस्ट देअर पेशन्स’, ‘चिल्ड्रन्स हेल्थ’. म्हणजे मुलांचे आयुष्य ‘लाइव्ह्ज’, मुलांचे आरोग्य ‘हेल्थ’. ‘द लाइफ ऑफ विमेन’ म्हणजे सगळ्या बायकांत मिळून एकच आयुष्य!

वेलांटी:

दोघांचेही आभार, अनेकवचनी. ‘बद्दलचा’ लावून पाहिले आणि पानभर वाक्ये सुटली. पण ‘लॅक’वर अडले. ‘निधीचा अभाव’ म्हणजे निधीच्या बाबतीत अभाव, म्हणजे ‘द’ नको. पण छापील मजकुरात ‘द लॅक ऑफ फंड्स’ दिसतेच. आणि दुसरे, शंका आली की गुगलवर अवतरणचिन्हांत शब्द घालून शोधते. ‘ॲन इन्फर्मेशन’ शोधले तर ढिगाने निघाले. मग ते बरोबर कसे नाही?

तळटीप:

आधी गुगल. ‘ॲन इन्फर्मेशन’च्या पुढचा शब्द वाचा. बहुतेक ठिकाणी ‘ॲन इन्फर्मेशन डेस्क’, ‘ॲन इन्फर्मेशन सिस्टिम’ असेल. तिथे ‘ॲन’ डेस्कचा आहे, इन्फर्मेशन नुसते विशेषणाचे काम करते. ‘ॲन ॲडव्हाइस कॉलम’, ‘अ रिसर्च पेपर’ तसेच. तुमच्याच अहवालात ‘अ प्रोग्रेस रिपोर्ट’ बरोबर आणि ‘अ प्रोग्रेस’ चूक. म्हणून शोधताना पुढचा शब्दही बांधून द्या. गुगलचे एनग्रॅम व्ह्यूअर छापील पुस्तकांत शोधते आणि एका वेळी पाच शब्दांपर्यंत घेते. ‘मेड गुड प्रोग्रेस इन’ आणि ‘मेड अ गुड प्रोग्रेस इन’ स्वल्पविराम देऊन शेजारी टाका. ४० पेक्षा कमी पुस्तकांत आलेला शब्दसमूह ते दाखवतच नाही, म्हणजे आलेखात रेघ उमटली नाही हेही उत्तरच.

त्याआधी कोश. साधा इंग्रजी-मराठी कोश इथे कामाचा नाही, शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी हवा. ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स’मध्ये ‘नॉलेज’पुढे ‘अनकाउंटेबल, सिंग्युलर’ अशी खूण आहे आणि ‘ॲडव्हाइस’पुढे नुसते ‘अनकाउंटेबल’. तो ‘सिंग्युलर’ शब्द म्हणजेच ‘अ’चा परवाना: ‘अ’ चालेल, ‘एस’ चालणार नाही. केम्ब्रिजचा कोश हेच ‘एस ऑर यू’ (सिंग्युलर किंवा अनकाउंटेबल) या अक्षरांनी दाखवतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यातला तुमचा गोंधळ या एका खुणेत सुटतो. खूण शब्दाला नसून अर्थाला असते, तेव्हा आपला अर्थ कितव्या क्रमांकाचा आहे ते पाहूनच वाचा. ‘एक्स्पिरिअन्स’च्या पहिल्याच अर्थाची खूण वाचून थांबलात तर पुन्हा सहावे वाक्य होईल.

‘लॅक’ तिन्ही प्रकारे येतो. कारण म्हणून फेकायचे असेल तर ‘ड्यू टू लॅक ऑफ फंड्स’ किंवा ‘अ लॅक ऑफ फंड्स’. आधीच्या परिच्छेदात निधीचा विषय येऊन गेला असेल तर ‘द लॅक ऑफ फंड्स’. हा ‘द’ ‘ऑफ’मुळे आलेला नाही, वाचकाला गोष्ट आधीच ठाऊक आहे म्हणून आला. असा ‘द’ कोणत्याही भाववाचक नामाला लागू शकतो, ॲडव्हाइससुद्धा: ‘द ॲडव्हाइस वुई रिसीव्ह्ड लास्ट यर’. पूर्णविराम यांची कसोटी पहिल्यांदा येणाऱ्या उल्लेखासाठी धरा.

मसुदा तपासताना मी उपपदांकडे शेवटी वळतो. आधी फक्त नामांवर फिरून प्रत्येक शंकास्पद नामाचे मराठी क्रियापद पाहतो, वचन ठरवतो. मग कोशातली खूण. मग ही गोष्ट वाचकाला आधीच माहीत आहे का. ‘ऑफ’ची कसोटी त्यानंतर. उलट क्रमाने गेलात तर ‘द’ लावून झाल्यावर नाम बदलते आणि ‘द’ तसाच लटकत राहतो. वचन बदलले की क्रियापद आणि सर्वनामही बदला: ‘ॲडव्हायसेस वेअर गिव्हन’मधला ‘एस’ काढून ‘वेअर’ तसाच राहणे ही दुरुस्त मसुद्यातली हमखास सापडणारी चूक. ‘मेनी’चा ‘मच’, ‘फ्यू’चा ‘लिटल’, ‘दीज’चा ‘धिस’ हेही त्याच फेरीत.

अनुस्वार:

‘रिसर्चेस’ला सरसकट चूक म्हणू नका. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाचे नावच ‘एशियाटिक रिसर्चेस’ होते, पहिला खंड १७८८चा. कंपन्यांच्या ईमेलमध्ये ‘लर्निंग्ज’ रोज असते, समाजशास्त्राच्या लेखांत ‘नॉलेजेस’ दिसते, मानसशास्त्रात ‘बिहेव्हिअर्स’ रुळले आहे.

तळटीप:

बरोबर, पण त्यांचे दोन गट करा. ‘रिसर्चेस’ जुने वळण आहे, आजच्या अहवालात ‘स्टडीज’ लिहा. ‘नॉलेजेस’, ‘बिहेव्हिअर्स’ ही प्रकार मोजणारी अनेकवचने: ज्ञानाच्या वेगवेगळ्या परंपरा, वर्तनाचे वेगवेगळे नमुने. त्या विषयाचे वाचक असतील तरच वापरा. ‘लर्निंग्ज’ देणगीदाराच्या नमुना-अर्जात छापलेलेच असेल तर मुकाट्याने ठेवा, आपल्या मजकुरात ‘लेसन्स’ पुरते. ‘इक्विपमेंट्स’, ‘स्टेशनरीज’ यांना मात्र प्रमाण इंग्रजीत आधार नाही, ती आपल्याकडच्या नोटिसांत आणि निविदांत जगतात.

टाचणी:

माझा विशेषणाचा नियम मागे घेतो. पण नोटिसांचा विषय निघालाच आहे तर: ‘युज ऑफ मोबाइल फोन्स इज प्रोहिबिटेड’. वापरणे ही क्रिया, मग ‘द युज’ नको का?

पूर्णविराम:

परिच्छेदात हवा. पाटीवर, मथळ्यात, तक्त्याच्या रकान्यात उपपदे गाळायची रीत आहे. वेलांटी, तुमच्या अहवालातली प्रकरणांची शीर्षके ‘इम्पॉर्टन्स ऑफ गर्ल्स एज्युकेशन’ अशी असतील तर तिथे ‘द’ घालत बसू नका. पण तेच शब्द खालच्या पहिल्या वाक्यात आले की घाला. शीर्षकातून वाक्यात चिकटवताना तो राहून जातो.